बुदिमिरचं अस्सल रबर

बुदिमिर स्तानोयलोविचच्या हातात रबराचा तुकडा दिला की तो आधी त्याचा वास घ्यायचा. मग अंगठ्याचं नख रुतवायचा आणि नखाची खूण भरून यायला किती वेळ लागतो ते बघत गप्प बसायचा. समोरचा माणूस तोवर टोपी हातात धरून उभा. शेवटी बुदिमिर दोनांतला एक शब्द बोलायचा, ‘अस्सल’ नाहीतर ‘नकली’, आणि क्रागुयेवाच शहरातल्या तमाम जुन्या गाडीवाल्यांत त्या शब्दावर अपील नव्हतं.

अठ्ठावीस वर्षं त्याने रबराच्या कारखान्यात प्रेसवर काढली होती. फीचा गाडीच्या दारांची आणि काचांची रबरं तिथे निघायची. फीचा म्हणजे आमच्याकडची ती बेडकासारखी बसकी, छोटी गाडी. चारजणांनी आत बसायचं म्हणजे गुडघे कानाला लावायचे, पण प्रत्येक घरात कुणी ना कुणी तिच्यातूनच लग्नाला नाहीतर दवाखान्यात गेलेलं. आता तिचे दिवस पुन्हा आलेत. लोक गंजलेल्या फीचा कोंबड्यांच्या खुराड्यातून ओढून काढतात, पत्रा बदलतात, इंजिन खोलतात, रंगावर महिनेच्या महिने घालवतात, आणि सगळं झाल्यावर रबराची आठवण होते. रबर म्हणजे काय, चार हात पट्टी, असं त्यांना वाटतं. मग पहिल्याच पावसात पाणी आत येतं, पायाखालचा पत्रा पुन्हा कुजायला लागतो आणि गडी बुदिमिरच्या दारात उभा राहतो.

कारखान्याने जुने साचे वितळवायचे ठरवले तेव्हा त्या साच्यांतून निघालेला शेवटचा माल बुदिमिरने किलोच्या भावाने उचलून आणला होता. तळघरात, अंधारात, टाल्कम पावडर लावून, कागदात गुंडाळून त्याने तो फळ्यांवर मांडला. विकायचा, पण उपकार केल्यासारखा. मुलगी द्यायची असल्यासारखी घेणाऱ्याची चौकशी करायचा: गाडी कुठे उभी असते, छप्पर आहे का, रंग कुणी मारला. वर्षं गेली तशा फळ्या रिकाम्या झाल्या. शेवटी एकच पुडकं उरलं, पुढच्या काचेचं रबर. ते मात्र त्याने कुणालाच द्यायचं नाही असं ठरवलं. कशासाठी ठेवलंय विचारलं तर म्हणायचा, “एक तरी खरं घरात असू दे.”

घरात दुसरं होतंही काय? बायको दोब्रिला जाऊन पाच वर्षं झाली होती. मुलगी स्नेझाना परदेशात, लिन्झला, नवऱ्याच्या नोकरीपायी. रविवारी फोन यायचा आणि दोघंही हवेबद्दल बोलायची. सकाळी तो दोन कप कॉफी करायचा. सवय मोडायची कशी हे त्याला कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मोडायचीही नव्हती. दुसरा कप दुपारी गार पिऊन टाकायचा.

एक माणूस मात्र होता, म्हणजे असायला हवा होता. तिहोमिर. त्याचा कूम. लग्नात तिहोमिर त्याच्या पाठीशी साक्षीला उभा राहिला होता, स्नेझानाला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातावर घेतलं होतं, आणि कूम म्हणजे सख्ख्या भावाहून जवळचा, भाऊ काय, आईबाप देतात, कूम आपण निवडतो. कारखान्यात दोघं एकाच प्रेसवर होते. एकाने कच्चं रबर घालायचं, दुसऱ्याने शिजलेलं काढायचं. निवृत्त झाल्यावर तिहोमिरने बातोचिना गावातल्या घरी, गॅरेजात एक छोटा प्रेस बसवला आणि फीचाची रबरं नव्याने करायला घेतली. जुनी संपत आलीत, मग गाड्यांनी काय उघड्या काचांनी फिरायचं का, असं त्याचं साधं म्हणणं. बुदिमिरला ते पटलं नाही. त्याच्या लेखी कारखान्यातून निघालं ते रबर, बाकी सगळी सोंगं.

ठिणगी पडली ती मित्रोवदानला. प्रत्येक कुळाचा एक संत असतो आणि वर्षातला एक दिवस त्या संताचा, तीच त्या घराची स्लावा. बुदिमिरच्या घरी ती आठ नोव्हेंबरला. स्लावेला बोलावणं करायचं नसतं. जो एकदा आला तो आयुष्यभर येतो, आणि जो दारात येईल त्याला परत पाठवायचं नसतं. घरधन्याने त्या दिवशी बसायचंही नसतं. मेणबत्ती जळत असेतो त्याने उभं राहून पाहुण्यांना वाढायचं.

चार वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी टेबलाशी चौदा माणसं होती. बुदिमिरच्या उजव्या हाताला, कुमाच्या खुर्चीत, तिहोमिर. सारमा, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, खाऊन झाल्यावर त्याने सहज म्हटलं, “बुदा, पुढच्या काचेच्या रबराचा वीतभर तुकडा दे ना कापून. माझ्याकडचा नमुना उन्हात वाळून आखडलाय. साचा नीट निघत नाही त्यावरून.”

बुदिमिर भाजलेल्या डुकराचं ताट घेऊन उभा होता. दोन पेले राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, पोटात होती आणि चौदा जोडी कान समोर. जिभेला हाड नसतं.

“तुझ्या खोट्या मालाला बाप हवा असेल तर दुसरीकडे शोध,” तो म्हणाला.

सगळे खो खो हसले. तिहोमिरही हसला. त्याने ताटातलं सगळं संपवलं, उठताना रीतीप्रमाणे घराला चांगलं चिंतलं, टोपी घातली, आणि त्यानंतर तो त्या घरात आला नाही.

पुढच्या मित्रोवदानला बुदिमिरने त्याची खुर्ची मांडून ठेवली. त्याच्या पुढच्यालाही. बोलवायचं म्हटलं तर स्लावेला बोलावतात का कुठे? येईल तो येईल. ही रीत त्याला फार सोयीची पडली. आपल्याच छपराखाली, मेणबत्ती जळत असताना, आपण पाहुण्याचा अपमान केला आणि आता पाऊल आपणच उचलायचं हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं, बुदिमिरलाही कळत होतंच, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. कूम येत नाही म्हटल्यावर दोघांच्या ओळखीचे लोक अवघडले आणि तेही यायचे थांबले. उरलेल्यांतले काही देवाघरी गेले. चौदाचे नऊ झाले, नवाचे चार.

आणि चौथ्या वर्षी कुणीच आलं नाही.

शेजारीण सकाळी उंबऱ्यातूनच शुभेच्छा देऊन गेली, तिला नातवाकडे जायचं होतं. स्नेझानाने फोनवर मेणबत्ती बघितली. बुदिमिरने बारा ताटं मांडली होती. गव्हाचा गोड प्रसाद वाटीत, सणाची पोळी कापलेली, सूप चुलीवर. तो आपला उभा. घरधन्याने बसायचं नसतं. बारा वाजले, एक वाजला, पोटऱ्या दुखायला लागल्या, पण रिकाम्या टेबलाशी बसण्यापेक्षा उभं राहिलेलं बरं असं त्याला वाटलं असावं. बातोचिनाची बस कोपऱ्यावर थांबून गेली. खिडकीचा पडदा त्याने दोनदा सारला आणि स्वतःचीच लाज वाटून तिसऱ्यांदा सारला नाही.

दोनच्या सुमाराला दारावर टकटक झाली. दारात तिशीची एक बाई होती, ओला कोट, हातात रबराची गुंडाळी. चाचाकहून आली होती, नाव नेवेना. आजोबांची फीचा दुरुस्त करतेय, काचेचं रबर हवंय, तुमचं नाव सगळ्यांनी सांगितलं, असं तिने एका दमात सांगितलं. मग तिची नजर मेणबत्तीवर गेली आणि ती कानापर्यंत लाल झाली.

“अरे देवा, आज तुमची स्लावा आहे. मी रिकाम्या हाताने आले. मी उद्या येते, काका.”

“आलेलं माणूस परत जात नाही,” बुदिमिर म्हणाला. “कोट काढ.”

तिने रीतीप्रमाणे छातीवर क्रूसाची खूण करून चमचाभर गहू घेतला. बुदिमिरने सूप वाढलं, सारमा वाढला, मटण वाढलं, बारा जणांसाठी केलेलं सगळं एकटीच्या ताटात घालायचं असल्यासारखा वाढत राहिला. ती चुलीजवळच्या कोपऱ्यात बसली होती. त्याच्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी होती, तिथेच पेला भरून ठेवलेला.

“ती कुणाची?” तिने विचारलं.

“येणाऱ्याची.”

तिने पुढे विचारलं नाही. शहाणी होती. दातांच्या कवळ्या बनवायचा तिचा धंदा, दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे घेत बसते म्हणाली, त्यामुळे समोरच्याला तोंड उघडायला किती वेळ द्यावा हे तिला ठाऊक होतं. जेवण झाल्यावर तिने गुंडाळी पुढे केली. रबर तिने आधीच एक घेतलं होतं. दोनदा बसवून पाहिलं, साबणाचं पाणी लावून, खाचेत दोरी घालून, आतून ओढून. सगळीकडे बसतं, फक्त खालच्या कोपऱ्यात रबराचा ओठ, म्हणजे बाहेरची कड, पत्र्यावर चढत नाही, आणि पाणी नेमकं ड्रायव्हरच्या पायावर ठिबकतं.

बुदिमिरने रबर हातात घेतलं. कुणाचं ते विचारायची गरज नव्हती. त्याने वास घेतला, नख रुतवलं. खूण झटकन भरून आली. त्याने पट्टी वाकवली, पिळली, ताणून सोडली. इतकं जिवंत रबर त्याच्या हातात कित्येक वर्षांत आलं नव्हतं. जोडाच्या जागी कडा कातरून गुळगुळीत केल्या होत्या, आणि ते कातरणं त्याच्या ओळखीचं होतं, कारण ते दोघं एकाच फोरमनकडे शिकले होते.

“थांब,” तो म्हणाला आणि तळघरात उतरला.

शेवटचं पुडकं घेऊन तो वर आला. कागद सोडला. पावडर झटकली. काळंभोर, सरळ, साच्याची खूणही स्पष्ट. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. कोपऱ्याशी रबर कसं वळतं ते तिला दाखवायला त्याने ते वाकवलं, आणि बारीकसा आवाज आला. वळणावर चीर पडली होती. त्याने दुसरीकडे वाकवलं, तिथेही. चिरेच्या आत रबर राखाडी होतं.

अठ्ठावीस वर्षं रबरात काढलेला माणूस तो. वापरात असलेलं रबर हलतं, दबतं, त्याच्या अंगातलं तेल फिरतं राहतं. नुसतं पडून राहिलेलं आतून वाळतं. हे त्याने नव्या कामगारांना स्वतः शिकवलं होतं. आपल्या तळघराला मात्र हा नियम लागू नाही अशी त्याची का कोण जाणे समजूत होती.

नेवेनाने दोन्ही रबरं शेजारी धरून त्यांच्या कापलेल्या टोकांकडे डोळे बारीक करून पाहिलं.

“काका, हे करणाऱ्याच्या हातात खोट नाही,” ती नव्या रबराबद्दल म्हणाली. “साचाही चोख आहे. नमुना चुकलाय. आखडलेल्या हिरडीवरून माप घेतलं तर कवळी अशीच होते. ओठ दोन मिलिमीटर कमी पडलाय. ज्याने केलंय त्याला कुणी हा तुकडा दिला असता तर काही अडचण नव्हती.”

तिला काहीच माहीत नव्हतं. बुदिमिरला वाटलं आता बसावं, पण मेणबत्ती जळत होती. चार वर्षं तो ज्या मालाला खोटा म्हणत फिरला, त्या मालातली खोट त्याची स्वतःची होती, त्याने न दिलेल्या वीतभर तुकड्याची होती, हे त्याला एका परक्या बाईने त्याच्याच टेबलाशी बसून सांगितलं होतं.

“हा तुकडा द्याल मला?” तिने विचारलं.

“स्लावेला कामाची सुरी लावत नाही मी,” तो म्हणाला. “आणि हा तुला द्यायचा नाही. जिथे द्यायचा तिथे देतो. तू थोडे दिवस थांब.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सुरी पाण्यात बुडवून, चीर नसलेला सरळ भाग बघून वीतभर तुकडा कापला. वीतभराहून थोडा जास्तच कापला.

तिहोमिरच्या घरची स्लावा एकवीस नोव्हेंबरला असते, अरांजेलोवदानला. बुदिमिर वाइनची बाटली आणि कॉफीचा पुडा घेऊन बसने गेला. तुकडा पुडीत बांधून कोटाच्या आतल्या खिशात. वाटेत त्याने एक वाक्य जुळवलं होतं. बातोचिना येईपर्यंत ते त्याने इतक्या वेळा घोकलं की त्यातला अर्थच गेला.

घर माणसांनी भरलेलं होतं. तिहोमिर दारात आला. त्याने बुदिमिरला तीन वेळा गालाला गाल लावला, जसा तो सकाळपासून आलेल्या प्रत्येकाला लावत होता. त्याची बायको स्ताना वाटी घेऊन पुढे आली आणि म्हणाली, “या भावजी, गहू घ्या,” आणि घाईने पुढच्या पाहुण्याकडे वळली. बुदिमिरला जागा मिळाली ती दाराजवळ, टेबलाच्या शेवटी, रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका अनोळखी माणसाशेजारी. तिहोमिरच्या उजव्या हाताला कुणी भाचा बसला होता. बुदिमिरने ते पाहिलं आणि चमचा खाली ठेवला.

भांडी उचलली जात असताना तो तिहोमिरला पडवीत गाठू शकला. त्याने पुडी पुढे केली. तिहोमिरने ती सोडली, तुकडा खिडकीशी नेला आणि कापलेली बाजू उजेडात धरून बराच वेळ बघितली.

“दोन मिलिमीटर,” तो म्हणाला. “मला वाटलंच होतं.”

“तिहोमिर, मी त्या दिवशी जे बोललो...”

“आज सण आहे, बुदा.” तिहोमिरने पुडी पुन्हा नीट बांधली. “आज दारात आलेल्याला कुणी काही बोलत नाही. तुझी कॉफी गार होतेय.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं बुदिमिरला परतीच्या बसमध्ये वाटत राहिलं. स्लावेला तर रस्त्यावरच्या भिकाऱ्यालाही आत घेतात. आपल्याला आत घेतलं यावरून काय समजायचं? फाटकाशी निरोप घेताना ‘मित्रोवदानला ये’ एवढं त्याच्या ओठावर आलं होतं. पण बोलवायचं नसतं. तो नुसता म्हणाला होता, “दार उघडं असतं माझं.” तिहोमिर म्हणाला होता, “ठाऊक आहे.”

वर्ष गेलं. बुदिमिरकडे आता विकायला काही नव्हतं, तरी लोक रबर दाखवायला यायचे. तिहोमिरचं कुणी दाखवलं की तो म्हणायचा, पुढचा माल निघू दे, मग घे. हिवाळ्यात तो पडला, मनगट मुरगळलं, तीन आठवडे एका हाताने कॉफी केली. तरी कप दोनच.

पुन्हा मित्रोवदान आला. या खेपेला त्याने सहाच ताटं मांडली. कुमाची खुर्ची मांडली, पेला भरला. अकराची बस आली आणि गेली. एकच्या बसमधून तीन माणसं उतरली, तीनही वेगळ्या गल्लीत वळली. तो उभा होता.

मग गल्लीत फीचाचा फटफट आवाज आला. पावसात न्हालेली, फिकट निळ्या रंगाची गाडी फाटकाशी थांबली आणि नेवेना उतरली. या वेळी तिच्या हातात फुलं होती आणि वाइन होती. एकदा आलेल्याला बोलावणं लागत नाही, ही रीत तिलाही ठाऊक होती.

बुदिमिर तसाच डोक्यावर काही न घेता पावसात गाडीपाशी गेला. काचेचं रबर नवं होतं. त्याने खालच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. ओठ पत्र्यावर चढून घट्ट बसला होता. दार उघडून ड्रायव्हरच्या पायाखाली हात लावला. चाचाकपासून पाऊस होता, ती बातोचिनावरून वळसा घालून आली होती, आणि खालची चटई कोरडी ठणठणीत. मग त्याने वाकून वास घेतला आणि रबरात नख रुतवलं. खूण भरून आली.

“अस्सल,” तो म्हणाला.

आत आल्यावर नेवेनाने पर्समधून एक पुडी काढली. तिहोमिरच्या हातची गाठ होती. आत तो वीतभर तुकडा.

“तिहोमिरकाकांनी दिलाय. म्हणाले, साचा झाला, मालकाची वस्तू मालकाला दे.”

बुदिमिरने पुडी उलटीपालटी केली. कागदावर काही लिहिलेलं नव्हतं.

“आणखी काही म्हणाला?”

“नाही.” ती थोडी घुटमळली. “मी म्हटलं, चला ना बरोबर, गाडीत जागा आहे. ते बाहेर आले होते. कोट घातलेला होता. गाडीच्या छतावर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, स्तानाला बरं नाही, आणि आत गेले.”

“स्तानाला बरं नाही?”

“त्या खिडकीत उभ्या होत्या, काका. मला हात केला त्यांनी.”

बुदिमिरने मान डोलावली. तुकडा त्याने मेणबत्तीशेजारी ठेवला, मग तिथून उचलून खिशात टाकला.

नेवेना छातीवर क्रूसाची खूण करून, गहू घेऊन, आपणहून चुलीजवळच्या कोपऱ्याकडे वळली.

“तिकडे नको,” तो म्हणाला. उजव्या हाताची खुर्ची त्याने मागे ओढली. “इथे बस.”

“ती येणाऱ्याची ना?”

“मग? तूच तर आलीस.”

ती बसली. भरलेला पेला तिने उचलला. बुदिमिर सूप गरम करायला चुलीकडे गेला आणि तिच्याकडे पाठ करून, ते उकळेपर्यंत तिथेच उभा राहिला.